चांगला डोळा झाकायचा अन् कमजोर डोळ्याला कामाला लावायचं, हे लॉजिक कोणी नीट समजावून सांगेल का?

मानेवाडा_मम्मी

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, आधीच सॉरी म्हणून ठेवते. माझी मुलगी साडेपाच वर्षांची, केजी टूला आहे. शाळेत डोळे तपासायला टीम आली होती, एक एक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला तर उजव्या डोळ्याने सगळं खडाखडा वाचलं आणि डाव्याने वरचं मोठं अक्षर सांगून गप्प. मला वाटलं नखरे चालू आहेत हिचे, कारण घरी ही पोट्टी फरशीवरची मुंगीसुद्धा शोधून दाखवते. मग धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, बाहुली मोठी करायचे थेंब टाकून चेक केलं, उजव्याचा नंबर प्लस एक आणि डाव्याचा प्लस साडेपाच निघाला!! चष्मा दिला, तीन महिने इमानदारीने घातला, डावा ६/६० वरून ६/२४ वर आला (६/६ म्हणजे नॉर्मल) आणि तिथेच अडकून बसला. आता परवा डॉक्टर म्हणाले उजव्या डोळ्याला रोज दोन तास पट्टी लावा, डावा आळशी आहे.

तर माझं डोकं इथेच अडकलं आहे की पडदा नॉर्मल, नस नॉर्मल, भिंग नॉर्मल, चष्म्यात पूर्ण नंबर दिलेला, मग दिसत का नाही? मी विचारलं तर म्हणाले "प्रॉब्लेम डोळ्यात नाही, मेंदूत आहे" आणि हे ऐकून पोटात गोळाच आला, पुढे काही विचारायचं सुचलंच नाही, बाहेर एवढे पेशंट बसलेले. घरी आले तर सासूबाई म्हणतात "चांगल्या डोळ्याले कायले झाकता, तोही बिघडन", नवरा म्हणतो आत्ता राहू दे, अठराची झाली की लेसर करून टाकू, चष्माही जाईल.

आणि खरं सांगू तर मला वेगळंच खाऊन राहिलं आहे. ती लहान असताना पाळण्यावरचं खेळणं एकाच बाजूला टांगलेलं असायचं, आणि मोबाइल दाखवल्याशिवाय घास खायची नाही. माझ्यामुळेच झालं का हे?

चष्मेवाली_ताई

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, बाकी नंतर. नाही. मोबाइलमुळे नाही, खेळण्यामुळे नाही, तुमच्यामुळे तर नाहीच. पाळण्यातल्या बाळाला तसंही वीस-तीस सेंटीमीटरच्या पुढचं धूसरच असतं, म्हणजे दूध पाजताना आईचं तोंड जेवढ्या अंतरावर असते तेवढंच काय ते बरं दिसते. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात जन्मापासूनच किंवा अगदी लहानपणी फरक पडलेला असणार, बस्स.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि नंबर तपासणारी, बारा वर्षं हेच काम करते, आणि "आम्हाला कळलंच कसं नाही" हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी ऐकते. कळणार कसं? एक डोळा चांगला असला की लेकरू सगळं करते, धावते, रंगवते, मुंगी पकडते. डोळा तिरळा असला तर निदान नातेवाईक बोंब मारतात, इथे दिसायला दोन्ही डोळे सुंदर. म्हणून तर एक एक डोळा झाकून तपासतात. शंभर पोरांत दोन-तीन पोरं अशी निघतातच, तुमची एकटीची नाही.

आता प्लस नंबरचं गणित सांगते, हे बहुतेक कोणी सांगतच नाही. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचिक असते की थोडा प्लस नंबर ती स्वतःच जोर लावून भरून काढतात. पण गोम अशी की दोन्ही डोळ्यांचा जोर एकाच लगामाला बांधलेला आहे, उजव्याने एक नंबरचा जोर लावला तर डाव्यालाही एकाचाच मिळतो. डाव्याला पाहिजे साडेपाचचा. म्हणजे तुमच्या लेकीने जवळ पाहिलं, दूर पाहिलं, काहीही पाहिलं तरी डाव्यातून साडेपाच वर्षं धूसरच चित्र मेंदूकडे गेलं. मायनसवाल्याचं त्या मानाने बरं असते, त्याला निदान नाकाजवळ धरलेलं तरी स्वच्छ दिसते.

तर मेंदूने काय केलं, उजव्याचं चित्र घेतलं, डाव्याचं बाजूला ठेवलं. आता चष्म्याने पडद्यावर चित्र एकदम क्लिअर पडून राहिलं, पण ते वाचायची सवय मागच्या माणसालाच नाही. म्हणूनच लेसरचा इथे उपयोग नाही हो, लेसर फक्त नंबर काढतो, म्हणजे जे काम चष्मा आत्ता करून राहिला तेच. अठराव्या वर्षी लेसर करून चष्मा जाईल आणि नजर तिथेच राहील. भाऊंना सांगा.

पट्टी दोनच तास दिली ते पाहून घाबरू नका, कमी दिलं असं नाही. २००३ मध्ये अमेरिकेत एक मोठी ट्रायल झाली होती, मध्यम आळशी डोळ्याला दोन तास आणि सहा तास यात चार महिन्यांनंतर काही खास फरक निघाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याच ग्रुपने पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे (तो डोळा तात्पुरता धूसर करणारे) थेंब टाकून पाहिले, तेही सहा महिन्यांत जवळपास बरोबरीला आले. म्हणजे पट्टीला पोरगी अगदीच ऐकत नसेल तर डॉक्टरांना थेंबांबद्दल विचारू शकता, स्वतःच्या मनाने मात्र बिलकुल टाकू नका.

आणि सासूबाई अगदीच चूक नाहीत बरं का. चांगला डोळा दिवस दिवस झाकून महिनोन्‌महिने तपासणीला आलाच नाहीत तर तोही मागे पडू शकतो, क्वचित होते पण होते. म्हणून तारीख चुकवायची नाही.

तर्री_मारके

ताई मी तुमच्या पोरीच्या जागेवरचा माणूस आहो, फक्त माझं वय ३६ हाय. उजवा डोळा आळशी. मी सात वर्षांचा असताना पट्टी देल्ती, मायनं आठ दिवस लावली, मंग शाळेत पोट्टे चिडवाले लागले, मी रडून रडून हैरान केलं, आणि आमच्या एका नातेवाइकानं (जे कंपाउंडर होते, म्हणजे घरातले डॉक्टरच) सांगतलं की मोठा झाला का आपोआप सुटते. मायनं काढून टाकली. मायची चूक नाही म्हणत, तिले कोणी समजावून सांगतलंच नाही का हे कायले लावाचं.

तं काय फरक पडला? रोजच्या जगण्यात फारसा नाही. गाडी चालवतो, धंदा करतो, सुईत दोरा ओवाले दोन मिनिटं जास्त लागते. क्रिकेटमधी स्लिपले कधी उभं नाही केलं कोणी, बॉल किती जवळ आला तेच अंदाज येत नाही, थेट नाकावर. थ्रीडी पिच्चर पाहाले गेलो मित्रांसंग, सारे हात समोर करून करून ओरडून राहिले आणि मी विचार करून राहिलो का या येड्यांले काय झालं. खरा झटका बसला तो भरतीच्या वेळेस. दौड काढली, लेखी काढली, आणि मेडिकलमधी डोळ्यापाशी बाहेर. एक डोळा ६/६ आणि दुसरा ६/६०. तिथल्या माणसानं हसत विचारलं "लहानपणी दाखवलं नाही का कोणाले?" काय सांगू त्याले.

दोन तास लावा ताई. रडू द्या.

ध्यान_साधक

एवढं मेंदू बिंदू करून घाबरवण्याची गरज नाही. रोज पहाटे त्राटक करा, समईच्या ज्योतीकडे एकटक बघायचं, गाजराचा रस द्या, पायाला गाईचं तूप लावा. माझ्या भाच्याचा नंबर अशानेच कमी झाला. ही पट्टी वगैरे परदेशी फॅड आहे.

चष्मेवाली_ताई

दादा, गाजर खाऊ द्या, चांगलंच आहे. पण दोन्ही डोळे उघडे ठेवून ज्योतीकडे पाहिलं तर पाहणार कोण? तोच चांगला डोळा. डावा तिथेही आरामच करेल. आणि भाच्याचं म्हणाल तर लहान मुलांचा प्लस नंबर वाढत्या वयात बरेचदा आपोआपच थोडा उतरतो, त्याचं श्रेय तुपाला गेलं असेल.

मागच्या_बाकावरचा

उशिरा येऊन राहिलो पण हा माझा विषय आहे त्यामुळे राहवलं नाही. मूळचा नागपूरच्या महाल भागातला, सध्या बाहेर न्यूरोसायन्समध्ये पीएचडी चालू. (डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचं ताईंचं ऐका, मी फक्त आतलं मशीन दाखवतो.)

"प्रॉब्लेम मेंदूत आहे" याचा अर्थ मेंदूत काही बिघाड आहे असा बिलकुल नाही. उलट मेंदूने जे करायला पाहिजे तेच केलं, फक्त त्याला माल खराब मिळाला. हे कसं कळलं ती कथाच भारी आहे. १९५८ च्या सुमारास डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीजेल नावाचे दोघं अमेरिकेत मांजरांच्या मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे आपण डोक्याला उशी टेकवतो नं तिथे जो पाहण्याचा भाग असतो तिथे, बारीक तार घालून एकेका पेशीचा आवाज ऐकत बसायचे. त्यांच्या डोक्यात एक जुनं कोडं होतं. म्हाताऱ्या माणसाचा मोतीबिंदू पाच वर्षांनी काढा, त्याला पुन्हा छान दिसते, पण जन्मतः मोतीबिंदू असलेल्या पोराचा पाच वर्षांनी काढला तर भिंग स्वच्छ होऊनही त्याला नीट दिसत नाही. डोळा तोच, ऑपरेशन तेच, मग फरक कुठे?

त्यांनी मांजरीच्या पिल्लाची एक पापणी शिवून टाकली, दोन-तीन महिन्यांनी उघडली. (हो, वाचायला त्रास होतो, मलाही होतो, पण आज जगभर पोरांच्या डोळ्याला पट्टी लागून राहिली तिचा हिशोब याच पिल्लांपर्यंत जातो.) डोळा उघडला तर डोळा ठणठणीत! पण मेंदूत त्या डोळ्याला उत्तर देणारी पेशी जवळजवळ शिल्लकच नव्हती, सगळ्या पेशी उघड्या डोळ्याच्या झालेल्या. हेच मोठ्या मांजरीवर करून पाहिलं, तेवढेच महिने पापणी बंद, आणि काहीच नाही झालं. म्हणजे आजोबांच्या मोतीबिंदूचं कोडं सुटलं, आजोबांचा मेंदू पाहायला आधीच शिकून बसला होता, लेकराचा अजून शिकायचा होता. हे १९६३ मध्ये छापून आलं, १९८१ चं नोबेल या दोघांना मिळालं, अर्धं. उरलेलं अर्धं रॉजर स्पेरीला, मेंदूच्या दोन भागांच्या कामासाठी, पण तो वेगळा विषय.

आता खरी मजा ऐका. सगळ्यांना वाटलं की जो डोळा वापरला नाही तो गंजला, साधी गोष्ट. म्हणून त्यांनी काही पिल्लांचे दोन्ही डोळे बंद ठेवून पाहिले. साध्या हिशोबाने दोन्ही गंजायला पाहिजे होते नं? तसं नाही झालं, बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना कसंबसं का होईना उत्तर देत राहिल्या. म्हणजे बंद राहिल्याने जेवढं नुकसान होते त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त, शेजारचा डोळा चालू असल्याने होते. ही दोन डोळ्यांची मारामारी आहे, जागेसाठी.

आपल्याकडचं उदाहरण देतो. कपाशीत तुरीच्या ओळी लावतात नं, तसेच पाहण्याच्या भागात उजव्या डोळ्याच्या आणि डाव्या डोळ्याच्या ओळी एकाआड एक असतात, माकडात एकेक ओळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नंतर या लोकांनी माकडाच्या डोळ्यात किरणोत्सारी द्रव्य टाकून त्या ओळी चक्क डोळ्यांनी पाहिल्या. सुरुवातीला दोघांची मुळं एकमेकांच्या वावरात घुसलेली असतात. ज्याच्याकडून स्वच्छ आणि जोरदार निरोप येतात त्याची मुळं टिकतात, पसरतात, दुसऱ्याची मागे हटतात. दोन्ही सारखे असले तर धुरा, म्हणजे बांध, बरोबर मधोमध राहतो. एकाला पाणीच नाही मिळालं तर शेजारच्याने धुरा कोरत कोरत त्याचं वावर खाल्लंच समजा, आपल्याकडे वेगळं काय होते.

तुमच्या लेकीचा डावा डोळा बंद नव्हता, फक्त धूसर होता, म्हणून त्याचं वावर पूर्ण गेलं नाही, बारीक झालं. आता नुसता चष्मा दिला म्हणजे डाव्याला पाणी सुरू झालं, त्यानेच तो ६/६० वरून ६/२४ वर आला (काही पोरांचं तर नुसत्या चष्म्यावरच भागते, पट्टी लागतच नाही). पण जागा उजव्याच्या ताब्यात आहे आणि तो सोडायला तयार नाही. पट्टी म्हणजे उजव्याला रोज दोन तास बाहेर बसवणं, तेवढ्यात डावा आपली मुळं पसरवेल.

हे पण पिल्लांत करून पाहिलं आहे. १९७४ मध्ये ब्लेकमोर आणि व्हॅन स्लायटर्स यांनी आधी शिवलेला डोळा उघडला आणि चांगला शिवला. पाच आठवड्यांच्या पिल्लात जवळजवळ सगळ्या पेशी फिरल्या, पहिल्या डोळ्याकडे परत आल्या. तेच चौदाव्या आठवड्यात केलं तर पेशी ढिम्म. डॉक्टर घाई करून राहिले ती याच्यासाठी.

आणि साधकभाऊ, परदेशी म्हणाल तर हो, पण फॅड नाही. फ्रान्समधल्या बुफाँ नावाच्या माणसाने १७४३ मध्येच तिरळेपणासाठी चांगला डोळा झाकायला सांगितलं होतं. का ते कळायला अजून दोनशे वर्षं लागली एवढंच.

मानेवाडा_मम्मी

अरे बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं! कपाशी-तुरीचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांचं माहेर वर्ध्याकडचं, शेतीवाले, त्यांना एका झटक्यात पटलं, वर म्हणतात "मंग आधी काऊन नाही सांगतलं असं". बाकी तर्रीभाऊ तुमचं वाचून रात्री झोप नाही आली.

पण आता नवीन टेन्शन. ती साडेपाचची आहे, मी कुठेतरी वाचलं सहा-सात वर्षांनंतर दार बंद होते. म्हणजे माझ्याकडे काय सहा महिनेच आहेत का? आणि भाऊ तुम्ही चौदा आठवडे म्हणालात तर माणसाचे किती?

मागच्या_बाकावरचा

चौदा आठवडे मांजरीचे, माणसाला लावू नका, माझीच चूक, सांगायला पाहिजे होतं. माणसात हा काळ कितीतरी लांब आहे आणि एका रात्रीत दार लागत नाही, हळूहळू जड होत जाते. याच अमेरिकन ग्रुपने २००५ मध्ये सात ते सतरा वर्षांची मुलं घेतली होती. सात ते बारामधल्या ज्यांना चष्म्यासोबत पट्टी आणि थेंब दिले त्यांच्यातल्या ५३ टक्क्यांना बऱ्यापैकी फायदा झाला, नुसत्या चष्मेवाल्यांत २५ टक्क्यांना. तेराच्या पुढे तो फरक जवळपास मिटतो, पण त्यातही ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते त्यांना पट्टीने मदत झालीच. म्हणजे साडेपाचला तुम्ही अजिबात उशिरा नाही. फक्त आळस करण्यासारखंही नाही.

दार जड का होते तेही गमतीचं आहे. लहान मेंदूत जोडण्या धडाधड होतात, पाहण्याच्या भागात तर बाळ आठ महिन्यांचं असताना जोडण्या सगळ्यात जास्त असतात, मोठ्या माणसापेक्षाही जास्त, मग ज्या कामाच्या नाहीत त्या कापल्या जातात. पुढे काही खास पेशी ब्रेकसारख्या बसतात, त्यांच्याभोवती एक जाळी विणली जाते आणि ओळींच्या जागा पक्क्या होतात. इटलीतल्या लोकांनी २००२ मध्ये मोठ्या उंदरांमधली ती जाळी एका रसायनाने विरघळवली तर म्हाताऱ्या मेंदूत पुन्हा पोरकटपणा आला. उंदरात बरं का तर्रीभाऊ, अजून तुमच्या कामाचं नाही.

आणि ब्रेक हा काही वाईट नाही, नाहीतर आपण चार दिवस एका डोळ्याला बँडेज लावून बसलो की तो डोळा गेला असता.

गावोगावी_फिरणारी

मी आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांची सरकारी आरोग्य तपासणी) टीममध्ये आहे, काटोल-नरखेड साइडला फिरते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी असते आमची. तुमचा धागा वाचून एकच गोष्ट लिहायची होती, कारण इथे लहान बाळांच्या आयाही वाचत असतील.

मागच्या भाऊंनी मोतीबिंदूचं लिहिलं ते आम्ही फिल्डवर पाहतो. बाळाची बाहुली पांढरट दिसते, आजी म्हणते मोतीबिंदू म्हाताऱ्याले होते, लेकराले कुठून होईल, नाहीतर म्हणते मोठं होऊ द्या, एवढ्याशा जिवाचं ऑपरेशन कायले. एका मावशीने मला मोबाइलमधला फोटो दाखवला, बारशाचा, फ्लॅशमध्ये एक बाहुली लाल आणि एक पांढरी. त्यांना वाटलं कॅमेरा खराब. बाळ तेव्हा सव्वा महिन्याचं होतं, आम्ही दुसऱ्याच दिवशी गाडीत घालून नेलं. दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असला तर सहा आठवड्यांच्या आसपास काढणं चांगलं मानतात, दोन्हीकडे असला तर अजून थोडासा वेळ मिळतो. महिने नाही, आठवडे मोजायचे असतात. आणि ऑपरेशननंतर चष्मा किंवा लेन्स आणि हीच पट्टी, वर्षानुवर्षं, तिथेच बरेच लोक सुटून जातात. पांढरी बाहुली कधी कधी डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरचीही निघते, म्हणून फोटोत एक डोळा पांढरा दिसला तर "पाहू" नका, दाखवा.

एक प्रश्न मलाही. आमच्याकडे अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा सापडला होता, जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कोणी नेलंच नव्हतं. अशांचं ऑपरेशन करून काही उपयोग असते का? तेव्हा एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की आता वेळ गेली.

मागच्या_बाकावरचा

असते ताई, आणि हे आपल्या देशातल्या मुलांमुळेच कळलं. अमेरिकेतल्या एमआयटीतले पवन सिन्हा मूळचे दिल्लीचे, त्यांनी वीसेक वर्षांपूर्वी प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला, जन्मापासून न दिसणाऱ्या पण ऑपरेशन होऊ शकणाऱ्या मुलांना शोधायचं, ऑपरेशन करायचं आणि मग त्यांचा मेंदू पाहायला कसा शिकतो ते बघायचं. पुस्तकात तेव्हा लिहिलेलं होतं की आठ-दहा वर्षांनंतर काही फायदा नाही. पण मुलं शिकली. तुमच्या-आमच्याइतकं बारीक कधीच दिसत नाही त्यांना, पण वस्तू ओळखणं, चालणं-फिरणं बरंच जमते.

यात एक जुना सवाल होता. डब्लिनच्या मॉलिन्यू नावाच्या माणसाने १६८८ मध्ये लॉक या तत्त्वज्ञाला पत्र लिहून विचारलं होतं की जन्मांध माणूस हाताने चाचपून गोळा आणि ठोकळा ओळखतो, त्याला अचानक दिसायला लागलं तर नुसतं बघून कोणता गोळा ते सांगेल का? सव्वातीनशे वर्षं लोक यावर नुसते वाद घालून राहिले. २०११ मध्ये सिन्हांच्या लोकांनी आठ ते सतरा वयाच्या पाच मुलांवर ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आत करून पाहिलं. पाहिलेली वस्तू पाहून ओळखता आली, चाचपलेली चाचपून आली, पण आधी चाचपलेली नंतर नुसती पाहून नाही ओळखता आली, अंदाजपंचे दाहोदरसे. पण थोड्याच दिवसांत जमायला लागलं, कोणी मुद्दाम न शिकवता.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. या मुलांना सुरुवातीला एकावर एक आलेल्या दोन आकृत्या वेगळ्या करता येत नाहीत, चित्राचे नुसते तुकडे तुकडे दिसतात, ही कड कोणाची, हा रंग कोणाचा काही कळत नाही. पण वस्तू हलवली की लगेच कळते, जे सोबत हलते ते एकच. आपण सगळेच बहुतेक असेच शिकलो, फक्त आठवत नाही. त्यामुळे "वेळ गेली" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्या मुलाला पुन्हा कुठेतरी मोठ्या ठिकाणी दाखवा. काही गोष्टी मात्र उशिराने पूर्ण येत नाहीत हेही खरं. कॅनडात ज्यांचे मोतीबिंदू पहिल्या काही महिन्यांतच काढले होते अशांना मोठेपणी तपासलं, तर चेहऱ्यातले बारीक फरक, म्हणजे दोन डोळ्यांतलं अंतर थोडं बदललं वगैरे, ओळखायला त्यांना कठीण गेलं. ते पहिले महिने काही वाया जात नसतात.

तर्री_मारके

म्हणजे ३६ व्या वर्षी मी थ्रीडी पिच्चरचं तिकीट काढाचं नाही, समजलं.

चष्मेवाली_ताई

तर्रीभाऊ, तुमच्या वयात काहींना थोडंफार सुधारतेही, पण आश्वासन कोणी देऊ नये आणि पैसे मागणाऱ्या जादूच्या कोर्सवर तर जाऊच नका. तुमचं खरं काम वेगळं आहे, चांगला डोळा सांभाळा. ग्राइंडरवर, वेल्डिंगपाशी, अगदी पतंगाच्या मांजापाशीसुद्धा गॉगल लावून राहा. तुमच्याकडे स्टेपनी नाही.

मानेवाडा_मम्मी

अपडेट. आज चौथा दिवस. पहिल्या दिवशी अर्धा तास, रडारड, मला "तू वाईट आहे" म्हणून झालं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी (हो, त्याच!) बाहुलीलाही पट्टी लावली आणि दोघींना समोर बसवून तांदूळ निवडायला दिले, खडे कोण जास्त काढते म्हणून. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. जवळचं बारीक काम करू द्या असं डॉक्टरही म्हणाले होते, ते मात्र मी विसरले होते.

पण एक प्रॅक्टिकल प्रॉब्लेम. एप्रिलमध्येच एवढा घाम आहे, पट्टी तासाभरात सुटून लोंबते, आणि काढताना भुवईचे केस घेऊन येते, कातडी लाल झाली आहे. मे मध्ये ४५ डिग्रीत काय करू? चष्म्यावर घालायची कापडी मिळते ती सीताबर्डीत पाहिली, चालेल का?

चष्मेवाली_ताई

कापडी चालते पण ही पोरं लई हुशार, वरच्या फटीतून चांगल्या डोळ्याने पाहतात, मान तिरपी केली की समजून जा चोरी चालू आहे. कातडीचं जमेपर्यंत आठ दिवस कापडी वापरा आणि समोर बसून लक्ष ठेवा. चिकटणारी लावायची तर सकाळी सात ते नऊ, ऊन चढायच्या आधी, तोंड धुऊन कोरडं करून. क्रीम पावडर काही नको, त्यानेच सुटते. काढताना कोमट पाण्याने भिजवून कानाकडून नाकाकडे हळू. रोज थोडी तिरपी लावा म्हणजे एकाच जागेची कातडी सोलत नाही. आणि कूलरसमोर बसवा, दोन तास सलग नाही झाले तर एक सकाळी एक संध्याकाळी, चालते.

तर्री_मारके

आणि पट्टीवर चित्र काढू द्या तिले. मले पांढरी लावत होते, म्हणून पोट्टे चिडवत होते.

मानेवाडा_मम्मी

काढलं. मांजर.